धाराशिवच्या जुन्या खानावळी व उपाहारगृहे

आपल्या जिल्ह्याचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य प्रथम धाराशिवच्या लेण्यांकडे वळतो, तेथून तेर येथील प्राचीन तगर नगरीकडे जातो, नळदुर्ग व परंडा येथील किल्ल्यांची प्रदक्षिणा करतो आणि अखेरीस तुळजापुरास श्रीभवानीच्या पायाशी लेखणी ठेवतो. हे सर्व योग्यच होय. परंतु ज्या ठिकाणी आपले वडील व आजोबा बाजारच्या दिवशी घटकाभर टेकले, जेथे त्यांनी सोयरिकी जमविल्या, कोर्टकचेरीच्या तारखांची वाट पाहिली आणि खिशात दिडकी नसताना उधारीवर चहा घेतला, त्या ठिकाणांविषयी कोणी लिहीत नाही. अशी बहुतेक ठिकाणे आता राहिलेली नाहीत. ज्यांनी ती पाहिली ती पिढीही झपाट्याने कमी होत आहे. म्हणून ह्या स्मरणिकेच्या निमित्ताने, आम्हांस जेवढे ठाऊक आहे तेवढे समाजबांधव व भगिनींपुढे ठेवीत आहोत.

पैसे देऊन अन्न विकत घ्यावयाचे ही कल्पनाच आपल्याकडे जुनी नाही. प्रवासास निघालेला मनुष्य शिदोरी बांधून निघे. धपाटे, कडक भाकरी, शेंगांची चटणी, कांदा, आणि लांबचा पल्ला असल्यास दशम्या. नदीकाठी अथवा विहिरीवर बसून ती सोडावयाची. आपल्या वीरशैव समाजात तर नियम अधिकच कडक असे. इष्टलिंगाची पूजा केल्याखेरीज अन्नास हात लावावयाचा नाही, आणि ज्याने लिंगधारण केलेले नाही त्याची दृष्टीसुद्धा आपल्या ताटावर पडू द्यावयाची नाही, असा जुन्या मंडळींचा दंडक होता. ताटात वाढलेले टाकावयाचे नाही, तो प्रसाद होय, म्हणून जेवण झाल्यावर ताट धुऊन ते पाणी पिणारे वृद्ध आम्ही आमच्या लहानपणी पाहिलेले आहेत. असा मनुष्य बाजारात जाऊन कोणा परक्याच्या चुलीवरचे खाईल हे संभवनीयच नव्हते. त्याची सोय मठात होई, नाहीतर आप्तांकडे होई. मठातील दासोह हीच आपली पहिली खानावळ, असे म्हणावयास हरकत नाही; फरक इतकाच की तेथे गल्ला नव्हता.

तुळजापुरास निराळी व्यवस्था होती. देवीच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंची उतरण्याची व जेवणाची सोय पुजाऱ्यांच्या घरी होत असे. प्रत्येक घराण्याचा पुजारी पिढीजात ठरलेला, आणि त्याच्या वहीत यजमानाच्या आजापणजाचे नाव लिहिलेले. यात्रेकरूने दक्षिणा द्यावी, पुजाऱ्याच्या घरच्यांनी स्वयंपाक करावा. हा व्यवहारच होता, परंतु त्यास विक्री कोणी म्हणत नसे. पुढे हॉटेले व भक्तनिवास झाले तरी ही पद्धत पुरती मोडलेली नाही.

आता गावातील हॉटेलांकडे वळू. आपले गाव त्या काळी निजामाच्या राज्यात होते. आधी जिल्ह्याचे ठिकाण नळदुर्ग होते. पुढे ते येथे आले, आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून गावास उस्मानाबाद हे नाव पडले. ते नाव २०२३ साली अधिकृतपणे जाऊन धाराशिव हे मूळचे नाव पुन्हा आले. जिल्ह्याचे ठिकाण झाल्यामुळे कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमुळे कारकून व वकील आले, वकिलांमागे पक्षकार आले, आणि पक्षकारांस दिवसभर ताटकळत बसावे लागे म्हणून चहाची दुकाने आली. आमच्या मते आपल्या गावातील हॉटेलांचे मूळ भुकेत नसून तारखेत आहे. धंदा तेथेच चांगला चाले जेथे माणसास काम नसताना थांबावे लागे.

चहा ही वस्तूही तेव्हा नवीच होती. चहाचा खप वाढावा म्हणून स्थापन झालेल्या मंडळांनी १९३० नंतरच्या काळात देशभर बाजारांतून व जत्रांतून तयार चहा फुकट पाजला, ही गोष्ट आता कोणास खरी वाटणार नाही. घराघरांत तेव्हा सकाळी ताक नाहीतर आंबील असे. चहाचा दुसरा मार्ग हैदराबादेहून आला. इराणमधून आलेल्या मंडळींनी मुंबई, पुणे व हैदराबाद येथे चहाची दुकाने थाटली होती. मुंबईस बहुतेक जरथुष्ट्री तर हैदराबादेस मुख्यत्वे मुसलमान इराणी होते. संगमरवरी फळ्यांची मेजे, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, दाट दुधाचा चहा व बरोबर बिस्कीट हा त्यांचा थाट. हैदराबादेची ‘उस्मानिया’ बिस्किटे त्याच निजामाच्या नावाची, ज्याचे नाव आपल्या गावास होते. येथील जी मुले उस्मानिया विद्यापीठात शिकावयास गेली, त्यांनी सुटीत घरी येताना पदवीच्या आधी ही चहाची सवय आणली. हे विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले व तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, हे नव्या पिढीने ध्यानात ठेवावे. हॉटेलातील ‘मलई मारके’, ‘पानी कम’ हे शब्द आपल्या अस्सल मराठी बोलणाऱ्या आजोबांच्या तोंडी कोठून आले, ते यावरून कळेल.

पश्चिमेस बार्शी इंग्रजी हद्दीत, आपण निजामी हद्दीत, मध्ये करोडगिरीचा नाका. निजामाचे नाणे हाली, इंग्रजांचे कलदार. शंभर कलदार रुपयांस सुमारे एकशे सोळा हाली रुपये पडत. सीमेजवळच्या दुकानदारांस दोन्ही हिशेब तोंडपाठ ठेवावे लागत. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली व १९११ साली येडशीवरून लातुरास पोहोचली. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ती गाडी आपल्या गावास मात्र शिवली नाही. त्यामुळे येडशीचे स्थानक हेच धाराशिवचे स्थानक, आणि गाडी केव्हाही येत असल्यामुळे तेथील चहावाला हाच प्रवाशांचा आधार. ह्याच मार्गावरील कसबे तडवळे येथे २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेसाठी आले होते. त्यांचा उल्लेख येथे सहज केलेला नाही. कारण पुढील मजकूर त्याच विषयाचा आहे.

जुन्या हॉटेलांच्या गोड आठवणी सांगणारे पुष्कळ असतात. ती हॉटेले कोणासाठी उघडी होती व कोणासाठी नव्हती, हे सांगणारे थोडे असतात. चहा आणि जात यांचे भांडण आपल्या महाराष्ट्रात जुने आहे. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यास पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक ह्यांसारखे पुरुष त्यांत होते. उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आली, ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि एवढ्या मोठ्या माणसांस एका पेल्यापायी प्रायश्चित्ताच्या वादात पडावे लागले. तिकडे कोल्हापुरास राजर्षी शाहू छत्रपतींनी गंगाराम कांबळे ह्या अस्पृश्य समाजातील गृहस्थास चहाचे दुकान काढण्यास साहाय्य केले, आणि स्वतः तेथे गाडी थांबवून चारचौघांदेखत चहा घेतला. महाराजांनी घेतल्यावर बरोबरच्या मंडळींस नाही म्हणण्याची सोय राहिली नाही. आमच्या मते त्या एका कपाने जे काम केले ते अनेक ठरावांनी झाले नसते.

आपल्याकडे पाट्या असत. ‘ब्राह्मणांचे उपाहारगृह’, ‘हिंदू हॉटेल’, ‘मराठा खानावळ’, आणि आपली ‘लिंगायत खानावळ’. सोलापूर, धाराशिव, लातूर, तसेच पलीकडे विजापूर, हुबळी, धारवाडपर्यंत ही पाटी सर्वत्र दिसे. कानडी मुलुखात तिला ‘खानावळी’ म्हणतात. आज त्या पाटीचा अर्थ शुद्ध शाकाहारी, ज्वारीची भाकरी व घरगुती चटण्या एवढाच उरला आहे व कोणीही आत जाऊन जेवतो. आरंभी मात्र तिचा अर्थ अक्षरशः होता. आपले लोक आत, पडद्याआड. इतर स्पृश्य समाजातील ग्राहक बाहेरच्या पडवीत. आणि त्यापलीकडच्यांस रस्त्यावर.

ही गोष्ट आपल्याच समाजाच्या स्मरणिकेत लिहावी काय, असा प्रश्न एका वडीलधाऱ्या बांधवांनी आम्हांस केला. आमचे उत्तर असे की, इतर कोणी लिहिण्यापूर्वी आपणच लिहावी. कारण आपण ज्या महात्मा बसवेश्वरांचे नाव घेतो त्यांचे कल्याण येथून फार दूर नाही. उमरग्यापुढे सीमा ओलांडली की बसवकल्याण येते. बाराव्या शतकात तेथे चर्मकार हरळय्या व ब्राह्मण मधुवरस या दोन शरणांच्या घरी सोयरीक झाली आणि त्यापायी दोघांस देहदंड सोसावा लागला, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. ज्यांच्या घरी ही कथा सांगितली जाई, त्यांच्याच खानावळीच्या पडवीत वेगळा पेला टांगलेला असे. दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली नांदत होत्या आणि त्यांत विसंगती आहे असे फार थोड्यांस वाटे.

त्या पेल्याविषयी आम्हांस जे कळले ते पुस्तकातून कळलेले नाही. भूम तालुक्यातील एका शाळेत आमच्याबरोबर एक ज्येष्ठ शिक्षक होते. मधल्या सुटीत चहा आला की ते आपला कप स्वतः धुऊन, पालथा करून, खिडकीत ठेवीत. शिपायाने कितीदा सांगितले, ‘गुरुजी, राहू द्या, मी धुतो.’ ते हसत व धुतच राहत. पुष्कळ दिवसांनी आम्ही कारण विचारले. तेव्हा त्यांनी सांगितले की, त्यांच्या गावच्या हॉटेलात त्यांच्या वस्तीसाठी कान तुटलेले दोन कप छपराच्या वाशाला अडकविलेले असत. आपण काढावयाचा, पुढे धरावयाचा, मालक वरून चहा ओती, आपण पिऊन, धुऊन पुन्हा तेथेच अडकवावयाचा. वडिलांनी त्यांस शिकविले होते की, कप नीट धुतला नाही तर मागून येणारा आपलाच माणूस आहे. ‘हात अजून ऐकत नाही,’ एवढेच ते म्हणाले. हे त्यांच्या बालपणी, म्हणजे १९५० च्या सुमारास व त्यानंतरही काही वर्षे. २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात उपाहारगृहांत प्रवेशास जातीवरून मज्जाव करता येणार नाही असे स्पष्ट लिहिलेले आहे. १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांविषयीचा कायदा झाला. १९७६ साली तो अधिक कडक होऊन नागरी हक्क संरक्षण कायदा ह्या नावाने ओळखला जाऊ लागला. वाशाला अडकविलेला कप ह्या कायद्यांच्या मागून, फार सावकाश खाली उतरला. शहरात तो आधी गेला, खेड्यांत मागाहून.

तो गेला कसा, याविषयी आमचे स्वतंत्र मत आहे. कायद्याने धाक बसविला हे खरे; परंतु एस. टी. च्या थांब्याने त्याहून अधिक केले. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे लाल गाडी तालुक्यातालुक्यांत फिरू लागली. दहा मिनिटे गाडी थांबली की तीस-चाळीस माणसे एकदम चहावर तुटून पडत. कोणाची जात विचारावयास हॉटेलवाल्यास सवड कोठली? काचेचे पेले एका बादलीत बुचकळावयाचे व पुन्हा भरावयाचे. त्या बादलीच्या स्वच्छतेविषयी न बोललेले बरे. तरीसुद्धा त्या गढूळ पाण्याने पुष्कळ सोवळे धुऊन नेले.

आता ज्या खानावळीचे अन्न आम्ही सहा वर्षे खाल्ले तिच्याविषयी लिहितो. आम्ही जुन्या मॅट्रिकनंतर शिक्षकी पेशात शिरलो, तेव्हा एकट्या शिक्षकास खानावळीवाचून गत्यंतर नसे. आमची खानावळ आपल्या समाजातील एक विधवा बाई चालवीत. सर्वजण त्यांस अक्का म्हणत. त्यांचे पाळण्यातले नाव फारच थोड्यांस माहीत असावे. पती अकाली वारल्यावर दोन मुलांस घेऊन त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत चार पाट मांडले. भांडवल म्हणजे एक तवा, एक परात व हातांस असलेली भाकरीची सवय. अशा बायका गावोगाव होत्या. मुंबईच्या गिरणगावात कामगारांस जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांची संघटना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ म्हणून उभी केली, तेव्हा ह्या कष्टांकडे जगाचे प्रथम लक्ष गेले. आमच्या अक्कांकडे कोणाचे गेले नाही.

खानावळीचा कायदा असा असे. महिन्याचे पैसे पहिल्या आठवड्यात आगाऊ द्यावयाचे. जो नियमित जेवी त्यास ‘मेंबर’ म्हणत. गावी जावयाचे असल्यास आदल्या दिवशी सांगावे, म्हणजे ‘खाडा’ धरला जाई व तेवढे पैसे वजा होत. खाड्याची वही हे अक्कांचे सर्वांत मोठे दप्तर. त्यांस लिहिता येत नसे, म्हणून प्रत्येक मेंबराच्या नावापुढे त्या कोळशाने रेघ ओढीत. नावे आमच्यापैकी कोणीतरी लिहून दिलेली. महिनाअखेर हिशेबाचे भांडण झालेले आम्हांस आठवत नाही. पाहुणा आणल्यास वेगळे ताट, आणि रविवारी दुपारी ‘फीस्ट’. फीस्टच्या दिवशी हुग्गी असे. गव्हाच्या खिरीचा हा प्रकार आपल्या वाचकांस सांगावयास नको, पण परगावच्या मेंबरांस त्याची ओळख अक्कांनीच करून दिली. संध्याकाळी मात्र चूल बंद. म्हणून रविवारी रात्री सारे शिक्षक केळी खाऊन झोपत.

रोजचे ताट साधे. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, मागितल्यास तिसरी; येसर घातलेली आमटी, एक भाजी, शेंगांची किंवा कारळाची चटणी, थोडा भात व ताक. येसराची आमटी ही आपल्या भागाची खरी ओळख आहे. भाजलेली धान्ये व मसाले दळून ठेवलेली ती पूड पाण्यात उकळली की डाळ नसलेल्या दिवशीही आमटी उभी राहते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात येसर अधिक व डाळ कमी होई. त्यावरून आम्ही तारीख ओळखीत असू. वांग्यांच्या दिवसांत वांगी, मेथीच्या दिवसांत मेथी, आणि उन्हाळ्यात बेसन. तक्रार केल्यास अक्का एवढेच म्हणत, ‘उद्या बघू, अप्पा.’ ते उद्या कधी आले नाही. पण आम्हांपैकी एकास विषमज्वर झाला तेव्हा एकवीस दिवस त्याच्या खोलीवर पेज व मऊ भात पोहोचविणाऱ्याही अक्काच; त्या दिवसांची त्यांनी वहीत रेघ ओढली नाही.

ह्या खानावळीत पडदा होता. आम्ही गेलो तेव्हा तो होता व त्याआड आपल्या समाजातील दोन वृद्ध लिंगपूजा करून जेवावयास बसत. मेंबर वाढले, जागा अपुरी पडू लागली, आणि एके वर्षी दिवाळीच्या साफसफाईत तो काढलेला पडदा पुन्हा लागलाच नाही. त्यानंतर वर सांगितलेले ज्येष्ठ शिक्षक धाराशिवास बदलून आले व आमच्याच पंगतीस बसू लागले. अक्कांनी कधी काही विचारले नाही. एक वृद्ध मात्र यावयाचे बंद झाले. त्यांस राग आला की लाज वाटली, हे आम्ही सांगू शकत नाही. त्यांचे महिन्याचे उरलेले पैसे अक्कांनी घरी पाठविले.

चहाच्या हॉटेलांची दुनिया निराळी. तेथे फक्त पुरुष जात. आमच्या आईने उभ्या आयुष्यात हॉटेलात पाऊल टाकले नाही. तुळजापूरच्या वाटेवर फार झाले तर गाडीत बसून बशीत चहा. लाकडी बाकडी, मागे काजळलेली भिंत, भिंतीवर देवांच्या तसबिरी, गल्ल्यावर मालक व ‘उधारी बंद’ची पाटी. पाटीखाली बसूनच उधारी चाले. आमच्या लहानपणी शिंगल चहा पंधरा पैशांस मिळे. भजी, शेवचिवडा, जिलबी, आणि सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला. इडली-डोसा आपल्याकडे बऱ्याच उशिरा आला. मुंबईस माटुंग्यात रामा नायक यांचे उडुपी भोजनालय १९४२ सालचे, आपल्या गावास त्याची चव लागावयास आणखी पुष्कळ काळ जावा लागला.

हॉटेल हेच गावाचे वाचनालय होते. अनंत भालेराव यांचा ‘मराठवाडा’ औरंगाबादेहून येई, सोलापूरहून ‘संचार’ येई. एक अंक दहाजण वाचीत व अकरावा त्यावर भजी खाई. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनाच्या दिवसांत तर पोरांनी ठाण मांडून चर्चा केल्या आणि मालकाने कपाळास हात लावला, कारण चर्चेच्या मानाने चहाचा खप फार कमी होता. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की रस्त्यावर सायकली उभ्या राहत. भूमिगत काळातील, म्हणजे १९४७-४८ मधील रझाकारांच्या धामधुमीच्या गोष्टी आम्ही शाळेत ऐकल्या नाहीत इतक्या ह्या बाकड्यांवर ऐकल्या. कोण रातोरात बार्शीस निघून गेला, कोणी धान्य लपविले, हे सांगताना म्हाताऱ्यांचा आवाज अजूनही आपोआप खाली येई.

दोन प्रसंग विसरण्यासारखे नाहीत. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले व उपाहारगृहे सोमवारी संध्याकाळी बंद राहू लागली. आपल्या समाजास सोमवारचा उपवास नवा नव्हता, त्यामुळे वडीलधारी मंडळी म्हणत की दिल्लीला आता आपली चाल कळली. दुसरा प्रसंग १९७२ चा दुष्काळ. तो विनोदाचा विषय नाही. रोजगाराच्या कामांवर खडी फोडणारी माणसे सुकडी व तांबड्या मिलोच्या भाकरीवर जगली. ज्या गावात ज्वारीची कोठारे होती तेथे भाकरी विकत मिळेना. कित्येक खानावळींनी भाकरी बंद करून मोजून दोन चपात्या देण्यास सुरुवात केली, आणि काहींनी दारेच लावली. आपल्या भागातील मनुष्य चपातीस जेवण मानीत नसे. तो त्या वर्षी ती मुकाट्याने खावयास शिकला. पुढे पाऊस आला तरी चपाती गेली नाही.

गोडाविषयी लिहिल्यावाचून हे प्रकरण पुरे होणार नाही. भूम-कुंथलगिरीकडील खवा प्रसिद्ध आहे. डोंगराळ मुलुख, शेती बेताची, जनावरे पुष्कळ आणि दूध शहरास पोहोचविण्यास साधन नाही. म्हणून दूध आटवून खवा करावयाचा व तो बाजारास न्यावयाचा, अशी ही अडचणीतून निघालेली युक्ती होय. कुंथलगिरीचा पेढा व धाराशिवचे गुलाबजाम ह्याच खव्याची लेकरे. परगावी निघालेला मनुष्य गुलाबजामांची भांडी घेतल्याशिवाय एस. टी. त चढत नसे. २०२० च्या जानेवारीत येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी साहित्याइतकीच चौकशी गुलाबजामांची केली. आम्हांस त्यात काही वावगे वाटले नाही.

वर्षातून एक दिवस मात्र सर्व हॉटेलांस आपोआप सुटी. मार्गशीर्षातील वेळ अमावस्या, आपली येळवस. त्या दिवशी गावात चिटपाखरू नसे. हॉटेलवाला स्वतः डोक्यावर आंबिलीचे मडके घेऊन शेतास निघालेला. भज्जी, उंडे, बाजरीच्या भाकरी शेतातील कोपीपुढे मांडलेल्या. आणि वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसासही हाक मारून बसविले जाई. बदलीवर आलेला परजिल्ह्यातील नवखा कारकून मात्र हॉटेले बंद पाहून गोंधळून जाई, व शेवटी कोणाच्या तरी शेतात सापडे.

ही दुनिया गेली ती एका दिवसात गेली नाही. १९८२ साली लातूर वेगळा जिल्हा झाला. कचेऱ्यांतील माणसे, व्यापार आणि पुढे शिकवण्यांसाठी मुलेही तिकडे गेली. खानावळीचे मेंबर कमी झाले. घरोघरी गॅस व कुकर आल्यावर एकटा मनुष्यही खोलीवर भात लावू लागला. मोटारसायकल घेतलेला शिक्षक संध्याकाळी आपल्या गावी परतू लागला. लातूर-कुर्डुवाडी मार्गाचे रुंदीकरण २००८ पर्यंत पुरे होऊन आपल्या शहरास प्रथमच रेल्वे मिळाली, ही आनंदाची गोष्ट. पण येडशीस उतरून चहा घेत बसण्याचे कारण संपले. सोलापूरचा महामार्ग चौपदरी झाला व जेवणाची गिऱ्हाइके धाब्यांकडे वळली. इतरत्रही हेच झालेले दिसते. सोलापूरची जुनी गिरणी १९६३ साली बंद पडली तेव्हा तिच्या आसपासच्या खानावळींचे दिवसही फिरले. मुंबईस गिरगावातील अनंताश्रम गेले, धोबी तलावाजवळील बस्तानी हे इराणी उपाहारगृह २००४ साली बंद झाले, जहांगीर कलादालनातील समोवर २०१५ साली उठले. त्या बंद झाल्यावर वृत्तपत्रांत लेख आले. आपल्या गावच्या बंद झालेल्या दारांवर कोणी दोन ओळीही लिहिल्या नाहीत.

अक्कांची खानावळ त्यांच्या हयातीतच बंद झाली. मुले नोकरीस पुण्यास गेली व त्यांनी आईस आता पुरे म्हटले. शेवटच्या महिन्यात सातच मेंबर होते. पाट, पितळी ताटे व मोठा तवा त्यांनी मठास दिला. तो तवा यात्रेच्या दासोहात अद्याप वापरात आहे. त्या जागी सध्या भ्रमणध्वनी दुरुस्तीचे दुकान आहे.

खाड्याच्या वह्यांचे काय झाले हे आम्ही त्यांच्या मुलांस विचारले. एक वही सापडली. ती त्यांनी आमच्या स्वाधीन केली असून मंडळाच्या कार्यालयात पाहावयास ठेवली आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी जुन्या खानावळीची पाटी, जेवणाचे पास, उधारीच्या चोपड्या अथवा हॉटेलातील छायाचित्रे असतील, तर त्यांनी ती अडगळीत टाकण्यापूर्वी मंडळाच्या चिटणिसांस दाखवावीत. ज्या घरांत वाशाला टांगलेल्या कपाची आठवण असेल, देणाऱ्यांच्या बाजूची असो की घेणाऱ्यांच्या, त्यांनीही ती नाव-गावासह लिहून द्यावी; पुढील स्मरणिकेत तिला जागा देण्याचे संपादक मंडळाने मान्य केले आहे.